डोके आपले, केशरचना दुसऱ्यांची: स्वीकारण्यापूर्वी काय पाहावे

सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीत सुमारे अकरा वर्षे नोकरी झालेली एक कृष्णवर्णीय महिला डोक्याला चिकटून गुंफलेल्या बारीक वेण्या, म्हणजे कॉर्नरो, घालून कामावर आली. सर्व केस वेण्यांत गुंफण्यास कंपनीच्या नियमावलीत मनाई होती. तिने न्यायालयात दाद मागितली आणि ही केशरचना आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या इतिहासाशी व ओळखीशी जोडलेली आहे, असे मांडले. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. निकालात एका गोष्टीची मात्र आवर्जून नोंद झाली: ही महिला अशा वेण्या घालून येण्याच्या थोडेच आधी बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीने एका चित्रपटात त्या घातल्या होत्या आणि त्यामुळे ही केशरचना लोकप्रिय झाली होती. कामाच्या वेळी वेण्या अंबाड्यात बांधून वरून कृत्रिम केसांचे आवरण घालावे, अशी कंपनीची सूचना होती; त्या आवरणाने डोके दुखते, असे त्या महिलेचे म्हणणे होते.

पुढच्या चार दशकांत या विषयावर जो वाद झाला, त्याचे मर्म या एका प्रकरणात सापडते. ज्या वेण्यांनी एकीला प्रसिद्धी दिली, त्याच वेण्यांनी दुसरीची नोकरी अडचणीत आणली, आणि वर पहिलीची प्रसिद्धी दुसरीच्या विरोधातला मुद्दा म्हणून वापरली गेली. दुसऱ्या समाजाची केशरचना स्वतःच्या डोक्यावर घेण्याचा विचार जो करतो, त्याने सुरुवात येथून करावी, कारण 'माझे केस, माझी मर्जी' हे वाक्य खरे असले तरी ते सर्वांच्या तोंडी सारखेच चालते असे नाही.

दुसऱ्या समाजाच्या संस्कृतीतील गोष्टी परस्पर आपल्याशा करण्याला इंग्रजीत कल्चरल ॲप्रोप्रिएशन म्हणतात. त्यासाठी मराठीत सांस्कृतिक बळकावणूक, सांस्कृतिक अपहरण, सांस्कृतिक विनियोग असे निरनिराळे शब्द योजले जातात. यांपैकी पहिले दोन चौकशीआधीच निकाल देऊन मोकळे होतात आणि तिसरा इतका कोरडा आहे की त्यातून काहीच कळत नाही. माझ्या मते आपल्या रोजच्या बोलण्यातले तीन शब्द अधिक उपयोगी पडतात. वस्तू कोणाची आहे हे सांगून आणि ती जपून वापरण्याच्या बोलीवर घेतली तर ती उसनवारी. न सांगता घेऊन आपलीच म्हणून मिरवली तर ती उचलेगिरी. आणि ज्याची वस्तू त्यालाच ती वापरता येऊ नये अशा व्यवस्थेत राहून, त्या व्यवस्थेचा फायदा घेत आपण ती वापरली, तर ते बळकावणे. एकच वेणी या तिन्हींपैकी कशातही मोडू शकते. पुढील सूचनांचा हेतू वाचकाने आपली वेणी कशात मोडते हे स्वतः पारखावे, एवढाच आहे.

ती केशरचना तिच्या घरी काय काम करते, हे आधी शोधावे

सगळ्या केशरचना एकाच वजनाच्या नसतात. काही निव्वळ सोयीच्या व सौंदर्याच्या असतात, काही ओळखीच्या किंवा प्रतिकाराच्या खुणा असतात, आणि काही दीक्षा, व्रत किंवा वयाची पायरी दाखवतात. नामिबियाच्या वायव्य भागातील हिंबा समाजात लहान मुलींच्या दोन वेण्या चेहऱ्याच्या बाजूला पुढे आणलेल्या असतात, वयात आल्यावर अनेक वेण्या घालून त्यांना गेरू आणि लोणी यांचे मिश्रण लावले जाते, आणि विवाहित किंवा आई झालेली स्त्री डोक्यावर कातड्याचा मुकुटासारखा अलंकार धारण करते. पाहणाऱ्याला तेथे डोक्यावरून आयुष्य वाचता येते. पूर्व आफ्रिकेतील मसाई तरुण योद्धे गेरूने माखलेले लांब पिळाचे केस राखतात आणि योद्धेपणाचा टप्पा संपवणाऱ्या समारंभात त्यांच्या आया ते केस भादरतात. अशा केशरचना केवळ आवडल्या म्हणून घेणे म्हणजे न मिळवलेली पदवी नावापुढे लावण्यासारखे आहे. त्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि सुदैवाने त्या कोणी फारशा मागतही नाही.

कठीण प्रश्न मधल्या गटात येतात. लॉक्सचेच उदाहरण घ्यावे, ज्यांना पुष्कळ जण अजून ड्रेडलॉक्स म्हणतात आणि ज्यांना मराठीत सरळ जटा म्हणता येईल. जमैकात १९३० च्या दशकात उदयास आलेल्या रास्ताफारी पंथात जटा राखण्याचा संबंध बायबलच्या 'गणना' या ग्रंथातील, डोक्याला वस्तरा न लावण्याच्या नाझीर व्रताशी लावला जातो. १९६३ मध्ये त्या देशातील कोरल गार्डन्स येथील हिंसक घटनेनंतर सरकारी यंत्रणेने रास्ताफारींची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण झाली आणि अनेकांच्या जटा बळजबरीने कापल्या गेल्या. या प्रकाराबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये जाहीर माफी मागितली. दुसरीकडे, आज जगभरातील आफ्रिकी वंशाचे असंख्य लोक कोणत्याही व्रताविना, केसांचा नैसर्गिक पोत तसाच ठेवण्याचा एक मार्ग म्हणून लॉक्स राखतात. म्हणजे एकाच जटेमागे एका ठिकाणी व्रत आहे, दुसऱ्या ठिकाणी स्वाभिमान आहे आणि तिसऱ्या ठिकाणी निव्वळ सोय आहे. 'लॉक्स घ्यावेत का' या प्रश्नाचे एकच उत्तर मिळत नाही, ते यामुळेच. व्रताची चिन्हे सोडून द्यावीत आणि उरलेल्याबाबत पुढचे प्रश्न विचारावेत.

कॉर्नरो व इतर बारीक वेण्यांचे काम समजण्यासाठी केसांची रचना थोडी समजून घ्यावी लागते. घट्ट वळणांच्या केसांत टाळूवरचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही, त्यामुळे केस कोरडे राहतात, आणि प्रत्येक वळणाच्या जागी ते तुटण्याचा धोका असतो. वेण्या घालून टोके आत दडवली की रोजचे विंचरणे आणि घासणे टळते व केसांची लांबी टिकते. म्हणूनच या प्रकारांना संरक्षक केशरचना म्हटले जाते. सरळ केसांच्या माणसाला या संरक्षणाची गरज नसते. तो फक्त रूप घेत असतो. यात गुन्हा काहीच नाही, मात्र आपण 'केसांच्या आरोग्यासाठी' वेण्या घालत आहोत असे त्याने स्वतःलाही सांगू नये.

'आधी कोणाचे' या वादात अडकू नये

या विषयावर चर्चा सुरू झाली की कोणीतरी हमखास म्हणतो की जटा तर सगळ्याच प्राचीन समाजांत होत्या. यात तथ्य आहे; न विंचरलेल्या केसांची जट कोठेही होते, आणि आफ्रिकेपासून भारतातील साधूंपर्यंत अनेक परंपरांनी तिला आपापला अर्थ दिला. त्यापुढे जाऊन व्हायकिंग लोकांच्या जटांचा दाखला दिला जातो, पण त्याचा पुरावा मागितल्यास हाती फारसे काही लागत नाही. पण तो पुरावा भक्कम असता तरी त्याने आजचा प्रश्न सुटला नसता, कारण मूळ शोधत गेल्यास ते बहुधा गुंत्यातच सापडते.

चिनी पुरुषांच्या लांब वेणीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे लांब वेणी ठेवण्याची पद्धत मांचू लोकांची होती, आणि चीन जिंकल्यावर त्यांनी १६४५ पासून ती बहुसंख्य हान समाजाच्या पुरुषांवर सक्तीने लादली. नकार देणाऱ्याला मृत्युदंड होता. सव्वादोनशे वर्षांनी तीच वेणी चिनी पुरुषाची ओळख आणि प्रतिष्ठा बनली होती. १८७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने तुरुंगातील प्रत्येक पुरुषाचे केस टाळूपासून एका इंचापर्यंत कापण्याचा नियम केला. नियमात चिनी हा शब्द नव्हता, पण रोख कोणावर आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि १८७९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी तेच कारण देऊन तो नियम घटनाबाह्य ठरवला. ही वेणी मुळात परक्यांनी लादलेली होती, असा प्रतिवाद तुरुंगाधिकाऱ्याने केला असता तर तो ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आणि तरीही पूर्णपणे गैरलागू ठरला असता. केशरचना प्रथम कोणी केली यापेक्षा आज ती कोणासाठी काय आहे आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न अधिक कामाचे आहेत.

नावांच्या बाबतीतही असाच घोळ आहे. डोक्याच्या मध्यभागी उभ्या केसांचा पट्टा ठेवण्याच्या पद्धतीला मोहॉक म्हणतात, पण आज दिसणारे तिचे रूप उत्तर अमेरिकेतील मोहॉक लोकांपेक्षा तेथील पॉनी या दुसऱ्या मूळनिवासी समाजाच्या पद्धतीच्या अधिक जवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकी छत्रीधारी सैनिकांनी ती केली, १९७० च्या दशकात पंक या बंडखोर संगीताच्या चाहत्या तरुणांनी ती रंगवून उभी केली, आणि आता ती इतकी फिरलेली आहे की तिच्यावरून फारसा वाद होत नाही. मात्र तिच्यावर पिसे खोवून आणि चेहऱ्यावर रंगाचे पट्टे ओढून कोणी समारंभात गेला, तर वाद होतो आणि तो रास्त असतो. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये सुरू झालेल्या निवासी शाळेत मूळनिवासी मुलांना आणले की आधी त्यांचे लांब केस कापले जात. त्या मुलांच्या वंशजांसमोर तो वेश करमणूक म्हणून मिरवणे कसे दिसत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

किंमत कोण मोजतो, हे तपासावे

या मार्गदर्शिकेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत सोपी कृती हीच आहे: आपल्या शाळेची, महाविद्यालयाची किंवा कार्यालयाची वेशभूषेची नियमावली काढून केसांविषयीचा परिच्छेद वाचावा. 'नीटनेटके', 'टोकाचे नसलेले', 'व्यावसायिक', 'नैसर्गिक दिसणारे' अशी विशेषणे तेथे असतील, तर त्यांचा अर्थ व्यवहारात कोण लावतो आणि कोणाच्या बाबतीत लावतो, हे पाहावे. तुम्ही घालू पाहत असलेल्या वेण्यांबद्दल तुमच्या सहकाऱ्याला तंबी मिळाली असेल आणि तुमचे कौतुक होणार असेल, तर त्या घालण्यापूर्वी त्या नियमाबद्दल लेखी विचारणा करावी. उसनवारी कोठे संपते आणि बळकावणे कोठे सुरू होते, ती रेषा माझ्या मते नेमकी येथे आहे.

ही तंबी काल्पनिक नाही. आज अमेरिकेत असलेला लुइझियाना प्रांत स्पॅनिश अमलाखाली असताना, १७८६ मध्ये, गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत, असा हुकूम काढला. त्या स्त्रियांनी रंगीत, उंची कापडाची इतकी देखणी शिरोभूषणे बांधली की हुकूम पाळूनही त्यातली हवा काढून टाकली. अलीकडच्या काळात पाहायचे तर २०११ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने लंडनमधील एका शाळेची कॉर्नरोवरील सरसकट बंदी अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव ठरवली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाच्या मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनींनी आपल्या नैसर्गिक केसांवरील निर्बंधांविरुद्ध निदर्शने केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा करून वंशाच्या व्याख्येत केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट (दोन पेडांचे पीळ) यांसारख्या संरक्षक केशरचनांचा समावेश केला, आणि त्यानंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी तसे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमधून पुढे गेले नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर फ्रान्सच्या एका पुरुष कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, कारण तेथे आफ्रिकी पद्धतीच्या वेण्या स्त्रियांना चालत होत्या आणि पुरुषांना नाही. हे शेवटचे उदाहरण मला विशेष वाटते, कारण त्यात दावा लिंगभेदाच्या कारणावर जिंकला गेला. म्हणजे वेण्यांचा प्रश्न वंशापुरताच राहत नाही.

नाव खरे घ्यावे आणि पैसे योग्य हाती द्यावेत

केशरचनेचे नवे नाव ठेवण्याचा मोह हे उचलेगिरीचे सर्वांत ओळखू येणारे लक्षण आहे. बंटू नॉट्सना, म्हणजे केसांचे छोटे भाग पिळून डोक्यावर बांधलेल्या लहान गाठींना, फॅशनच्या जगात 'मिनी बन्स' म्हटले गेले, आणि २०१८ मध्ये अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी पश्चिम आफ्रिकेतील फुलानी समाजाच्या पद्धतीच्या वेण्या घालून त्यांचा उल्लेख बो डेरेक यांच्या नावाने केला. कोणी विचारल्यास प्रचलित खरे नाव सांगणे, आणि छायाचित्र इतरांना दाखवताना वेण्या घालणाऱ्या कारागिराचा उल्लेख करणे, यास काहीच खर्च येत नाही.

कारागीर निवडताना मात्र काळजी घ्यावी. हे काम ज्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, अशा जाणकार व्यक्तीकडे जावे, तिने सांगितलेला मोबदला घासाघीस न करता द्यावा, आणि आपल्या केसांवर ही केशरचना कशी बसेल हे तिलाच विचारावे. ती नको म्हणाली तर ऐकावे. बहुतेकदा तिचा नकार संस्कृतीपेक्षा केसांच्या पोताशी संबंधित असतो, आणि तोही तितकाच मानण्याजोगा असतो.

ते काम जवळून पाहिले की ते इतके महाग आणि इतके सावकाश का, हे कळते. कारागीर शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने टाळूवर सरळ रेघ ओढते, दोन्ही बाजूंचे केस चिमट्यांनी दूर धरते, आणि कपाळाशी अगदी थोडे केस घेऊन तीन पेड करते. पेड एकमेकांच्या वरून न नेता खालून नेल्यामुळे वेणी टाळूवर उठून दिसते. सागरवेणी उलटी घातली तर जशी दिसेल तशी, फक्त कितीतरी बारीक. प्रत्येक वेढ्याला खालचे थोडे केस आणि लागत असल्यास गंगावनाचा एक झुबका पेडात मिसळला जातो. एक ओळ मानेपर्यंत गेली की पुढची रेघ. असे कित्येक तास चालते, आणि त्या सगळ्या वेळात कारागिराची मान खाली आणि बोटे वर असतात. खुर्चीत बसणाऱ्याच्या कानशिलाजवळ हलका ताण जाणवणे समजण्यासारखे आहे. भुवया वर ओढल्या जात असतील, टाळूवर वेदना होत असतील किंवा दुसऱ्या दिवशी केसांच्या कडेला बारीक फोड आले असतील, तर वेण्या अति घट्ट झाल्या आहेत आणि त्या सोडवल्या पाहिजेत. सतत ओढ बसून केस मुळापासून जाण्याच्या विकाराला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. तो वेळीच ओळखला तर केस पुन्हा येतात, पण वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास मुळे कायमची जातात. सरळ आणि निसरडे केस वेणीतून लवकर सुटतात, ते धरून ठेवण्यासाठी वेणी अधिक आवळली जाते, आणि त्यामुळे असे केस असणाऱ्यांनी याकडे दुप्पट लक्ष द्यावे. भांगाच्या उघड्या रेघा उन्हात भाजतात, हेही नवख्यांना उशिरा कळते.

लॉक्सचा विचार याहून वेगळा करावा लागतो, कारण वेण्या सोडता येतात आणि पक्क्या झालेल्या जटा बहुधा कापाव्याच लागतात. ज्या निर्णयातून मागे येण्याचा मार्ग कात्रीतून जातो, तो सहलीच्या किंवा समारंभाच्या भरात घेऊ नये.

प्रसंग आणि व्यासपीठ

रोजच्या आयुष्यात घातलेली वेणी आणि वेशांतरासाठी घातलेली वेणी यांत मोठा फरक आहे. एखाद्या समाजाची केशरचना टोप म्हणून, सोबत त्या समाजाच्या बोलण्याची नक्कल किंवा त्वचेचा रंग काळवंडणे अशा गोष्टींसह घातली जाते, तेव्हा ती थट्टाच होते, आणि त्यासाठी वेगळ्या कसोटीची गरज नाही.

व्यासपीठ जितके मोठे, तितकी जबाबदारी वाढते. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात वेशरचनाकार मार्क जेकब्स यांच्या प्रदर्शनातील मॉडेलांनी रंगीत लोकरीच्या जटा घातल्या होत्या, आणि त्यांत गोऱ्या मॉडेलांची संख्या मोठी होती. टीका झाल्यावर जेकब्स यांनी, गौरेतर स्त्रिया केस सरळ करतात तेव्हा कोणी आक्षेप का घेत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले, आणि पुढे त्या असंवेदनशीलतेबद्दल माफी मागितली. हे उत्तर खासगी चर्चेत आजही वारंवार ऐकू येते, म्हणून त्यातली चूक नीट समजून घ्यावी. केस सरळ करणे ही अनेकींच्या बाबतीत नोकरी मिळवण्याची आणि टिकवण्याची अट होती. विमान कंपनीत काम करणाऱ्या त्या महिलेचेच उदाहरण पुरेसे आहे. अटीपुढे मान तुकवणे आणि हौसेने निवडणे या दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

कोणी आक्षेप घेतला तर, आणि आपणच आक्षेप घेणार असू तर

इतके सगळे तपासूनही कोणीतरी आक्षेप घेईल, हे गृहीत धरावे. त्या वेळी आपल्या परवानग्यांची यादी वाचून दाखवू नये; 'माझ्या एका मैत्रिणीला विचारले होते' हे वाक्य तर अजिबात वापरू नये, कारण कोणतीही एक मैत्रीण संपूर्ण समाजाच्या वतीने ना हरकत प्रमाणपत्र देऊ शकत नाही. समोरच्याला नेमके काय खटकले ते विचारावे आणि ऐकून घ्यावे. त्यानंतर वेण्या ठेवायच्या की सोडायच्या हा निर्णय आपलाच राहतो. समाजात एकमत नसते हेही लक्षात असू द्यावे: २०२० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश गायिका अडेल यांनी नॉटिंग हिल कार्निव्हल या लंडनमधील कॅरिबियन उत्सवाच्या निमित्ताने बंटू नॉट्स घातलेले छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांनी टीका केली आणि त्याच वेळी जमैकातील अनेकांनी त्यांची बाजू घेतली. पुढच्या वर्षी, आपल्याला प्रसंगाचे भान राहिले नव्हते, असे अडेल यांनी स्वतःच मान्य केले. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात, याचे हे बरे उदाहरण आहे.

आक्षेप घेणाऱ्यांसाठीही काही सांगणे आवश्यक आहे, कारण स्वातंत्र्याची बाजू येथे पणाला लागते. मार्च २०२२ मध्ये जर्मनीतील हॅनोवर येथील हवामान आंदोलकांच्या गटाने एका गोऱ्या गायिकेचे निमंत्रण तिच्या जटांमुळे मागे घेतले आणि तिने जटा कापल्यास तिला गाता येईल, असेही कळवले. नंतर त्या भाषेबद्दल गटाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एका उपाहारगृहातील मैफल, वाद्यवृंदातील काही गोऱ्या कलाकारांच्या जटा व त्यांनी वाजवलेले जमैकाचे रेगे संगीत काही श्रोत्यांना अस्वस्थ करते म्हणून, मध्येच थांबवण्यात आली. या दोन्ही ठिकाणी आयोजकांचा मूळ विचार समजू शकतो. पण प्रवेशाची अट म्हणून केस कापायला सांगणे हे हत्यार नेमके कोणी आणि कोणावर वापरले होते, याचा इतिहास ज्यांच्या कैवारासाठी हे चालले होते त्यांच्याच वाट्याला आलेला आहे. ते हत्यार उलट दिशेने धरले तरी हत्यारच राहते.

शिवाय पाहून वंश ओळखता येतो, हा समज धोक्याचा आहे. मिश्र वंशाच्या कुटुंबांत उजळ त्वचा आणि घट्ट वळणांचे केस एकाच डोक्यावर सहज आढळतात. आफ्रिकी वंशाचे मूल दत्तक घेतलेल्या गोऱ्या पालकाने वेण्या घालायला शिकणे हे तर त्याचे कर्तव्यच आहे, आणि त्याला भर रस्त्यात जाब विचारणाऱ्याने आधी घरात डोकावायला हवे होते. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो जाहिरात करणाऱ्या कंपनीवर, प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेवर, नियम लिहिणाऱ्या कार्यालयावर घ्यावा. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीवर नव्हे. आणि कोणाच्याही केसांना, कितीही कुतूहल वाटले तरी, न विचारता हात लावू नये.

ज्यांच्या हाती नियम आहेत त्यांच्यासाठी

शाळा किंवा कार्यालय चालवणाऱ्यांनी केसांविषयीचा प्रत्येक नियम लिहून त्याच्या पुढे त्याचे कारण लिहावे. 'यंत्राजवळ काम करताना लांब केस बांधलेले असावेत' याचे कारण एका ओळीत देता येते. 'केस व्यवस्थित दिसावेत' याचे कारण लिहायला बसल्यावर पेन अडखळते, आणि असा नियम काढून टाकणेच बरे. अमेरिकेच्या लष्कराने मार्च २०१४ मध्ये नवी नियमावली काढली, तेव्हा तिच्यात स्त्रियांच्या ट्विस्ट आणि लॉक्स यांवर निर्बंध होते आणि त्यांच्या वर्णनात 'गुंतलेले' व 'अस्ताव्यस्त' अशा अर्थाचे शब्द होते. अमेरिकी संसदेतील कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी हरकत घेतल्यावर त्याच वर्षी ते शब्द वगळले गेले आणि काही वेण्यांवरील बंधने सैल झाली. लॉक्सना २०१७ च्या जानेवारीत परवानगी मिळाली. केसांचा जाडपणा शिरस्त्राणाच्या आड येऊ नये, ही अट मात्र कायम राहिली. ती तपासायला पट्टा आवळून शिरस्त्राण डोक्यावर नीट बसते का, एवढेच पाहावे लागते.